दूध फॅटवर, ऊस उताऱ्यावर, मग बटाटा नुसता नजरेवर का?

आज फवारणी नाही, खताचा डोस नाही. आपल्या रस्त्याला जी खाण्याची दुकानं उभी राहिलीत त्यावर बोलायचंय. पोस्ट मोठी आहे, पण बटाटा करणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा. शेतीशाळा घेणाऱ्या कृषी सहायकांनी आणि बाजार समितीच्या संचालकांनीही वाचली तर बरंच होईल.

भोसरीतून नाशिक रस्त्याला लागा. मोशी, कुरुळी, आळंदी फाटा करत चाकणच्या तळेगाव चौकात या आणि तिथून म्हाळुंग्याकडे वळा. ट्रॅफिकमध्ये अडकायचंच आहे, तर तेवढ्या वेळात पाट्या मोजा. पिझ्झा, बर्गर, तळलेलं चिकन, शोर्मा, मोमो, चायनीज, वडापाव, मिसळ, पुन्हा चायनीज. आपल्या वडलांच्या वेळी याच रस्त्याच्या कडेला कांद्याच्या गोण्या रचलेल्या दिसायच्या. बजाजचा कारखाना चाकणला १९९९ ला सुरू झाला, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज २००९ ला आल्या, पाठोपाठ महिंद्रा. त्यांच्या मागं सुट्या भागांच्या शेकडो कंपन्या. त्यात कामाला आलेली पोरं लातूर-नांदेडची, बुलढाण्याची, बिहार-यूपीची. पत्र्याच्या एका खोलीत चौघं, त्यात दोघांची पहिली पाळी आणि दोघांची तिसरी. कोण भाकऱ्या थापणार? रात्री अकराला पाळी सुटली की समोर जे गरम मिळेल ते खायचं. मॉलमधला पिझ्झा हौसेचा असेल, आपल्या पट्ट्यातलं बहुतेक फास्ट फूड मात्र असं गरजेतून वाढलंय. म्हणून ते कमी होईल असं मला वाटत नाही.

आता यावर आपल्याकडं दोन तऱ्हेच्या पोस्ट फिरतात. एक, परदेशी कंपन्यांवर बहिष्कार टाका. दुसरी, शहर वाढलं, हॉटेलं वाढली, आता शेतकऱ्याची चांदी. हा वाद जुना आहे. केएफसीचं देशातलं पहिलं दुकान १९९५ ला बंगळुरूत उघडलं आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रा. नंजुंडस्वामींच्या कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी ते फोडलं. त्याच वर्षी डॉमिनोज आणि मॅकडोनाल्ड्स दिल्लीत आले. तेव्हा इकडं आपल्या आंबेठाणला राहणारे शरद जोशी डंकेल प्रस्तावाच्या बाजूनं उभे होते. बाजार खुला करा, शेतकऱ्याचे हात मोकळे करा, हे त्यांचं म्हणणं. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनात नाशिक रस्ता अडवणारा माणूस तोच. दोघंही मोठे नेते. पण तीस वर्षांनी तळेगाव चौकात उभं राहून बघितलं तर दिसतं ते असं : दुकान कुणी थांबवू शकलं नाही, डॉमिनोजनं २०२४ मध्ये देशात २,००० दुकानांचा आकडा ओलांडला, आणि आपला बटाटा त्या दुकानाच्या भट्टीपर्यंत काही पोचला नाही.

रस्त्याला ज्याची जमीन होती त्यानं गाळे बांधले, भाडं घेतोय. त्याला मी नावं ठेवणार नाही, मला रस्त्याला जमीन असती तर मीही बांधले असते. प्रश्न पाच किलोमीटर आत असलेल्यांचा आहे. त्यांच्याकडं विकायला मालच आहे, गाळा नाही.

‘मोठ्या कंपन्या पुणे जिल्ह्यातून काही घेतच नाहीत’ असंही म्हणू नका, ते खोटं आहे. मॅकडोनाल्ड्सच्या बर्गरमधलं आइसबर्ग लेट्यूस तळेगावच्या त्रिकाया अ‍ॅग्रिकल्चरनं पुरवलं, म्हणजे चाकणपासून तासाभराच्या अंतरावरून. चीज बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीचं होतं. लेट्यूसवाल्यांनी काढणीनंतर लगेच माल थंड करायची सोय उभी केली, डेअरीनं गावोगावी दूध थंड करायच्या टाक्या बसवल्या. गिऱ्हाइकाला काय लागतं ते आधी विचारलं आणि मग तसं पिकवलं.

बटाट्याचं काय झालं? सुरुवातीला फ्रेंच फ्राईज परदेशातून यायच्या. मग मॅकेन कंपनीनं गुजरातेत मेहसाण्याला कारखाना टाकला आणि बनासकांठा-साबरकांठा भागातल्या शेतकऱ्यांशी करार केले. सँटानासारख्या लांबट जाती आणल्या, पाटपाण्याऐवजी ठिबक आणि तुषार सिंचन केलं, ठरवून भाव दिला. आज गुजरातच्या फ्राईज परदेशात जातात. तिथलं हवामान त्यांना साथ देतं हे खरंय. ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागण, कोरडी थंडी, हलकी वाळूची जमीन, करपा कमी. आपला सातगाव पठाराचा बटाटा पावसाळ्यातला. जूनमध्ये लावायचा, धुक्यात आणि रिपरिपीत सांभाळायचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात चिखलातून काढायचा. त्यांच्याशी फ्राईजमध्ये स्पर्धा करू, असं मी म्हणत नाही.

माझं दुखणं वेगळं आहे. फ्राईज राहू द्या, आपल्या हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे वडापावची गाडी. ते पण हळूहळू निसटतंय.

चाकणला एका वडापाववाल्याशी माझी बोलाचाली आहे. दिवसाला तो दोन-तीन गोण्या बटाटा उकडतो. मध्ये त्याच्याकडं गेलो तर कढईशेजारी फ्रोजन फ्राईजच्या पिशव्या. म्हटलं, ‘हे काय?’ म्हणाला, ‘पोरं मागतात. आणि खरं सांगू का दादा, पिशवीचा भरवसा असतो. बाजारातली गोणी घेतली तर आज वडा खुसखुशीत, उद्या भाजी चिकट. पाणचट बटाटा निघाला की वडा तेल पितो. तेलाचा डबा काय भावाला आहे?’

त्या माणसाला ड्राय मॅटर हा शब्द माहीत नसेल, पण तो बोलत होता ते ड्राय मॅटरबद्दलच. बटाट्यातलं पाणी वजा केलं की जो घन भाग उरतो, म्हणजे मुख्यतः पिठूळ स्टार्च, तो ड्राय मॅटर. चिप्सवाल्या आणि फ्राईजवाल्या कंपन्यांना तो २० टक्के किंवा जास्त लागतो. समजा एक बटाटा २० टक्क्यांचा आहे आणि दुसरा १७ चा. दोन्हींच्या शंभर-शंभर किलोच्या राशीत फरक तीन किलो मालाचा, त्याच्याऐवजी तीन लिटर पाणी जादा. तळताना ते पाणी बाहेर पडतं आणि त्याची जागा तेल घेतं. मोठ्या कारखान्याला हे परवडत नाही, तसंच गाडीवाल्यालाही परवडत नाही. फरक एवढाच की कारखान्याकडं मोजायची प्रयोगशाळा आहे. गाडीवाल्याला वडा तळल्यावर कळतं, तोवर गोणीचे पैसे देऊन झालेले असतात. मग तो पिशवीकडं वळतो. आणि वडा गाडीवरच वळला जाईल याचीही खात्री नाही. २००४ ला कल्याणातून सुरू झालेल्या गोली वडापावनं वडे कारखान्यात बनवून, गोठवून दुकानांना पुरवायची पद्धत आणली. त्यांच्यासाठी वडे करणारी तळोज्याची व्हिस्टा कंपनी, हीच मॅकडोनाल्ड्सचे पॅटिस करायची. उद्या म्हाळुंग्याच्या गाडीवरचा वडा पिशवीतून आला तर तो बटाटा कुठल्या बाजारातून उचलला गेला असेल? चाकणच्या नक्की नाही.

आता आपल्या बाजारात काय होतं बघा. चाकणच्या महात्मा फुले बाजारात किंवा मंचरला वक्कल लागतं. व्यापारी गोणी ओतायला सांगतो, हातात चार नग घेतो, साल चकचकीत आहे का, गोळा मोठा आहे का, हिरवा-कापलेला किती, एवढं बघतो आणि दहा किलोचा भाव फुटतो. आत काय आहे याला शून्य किंमत. मग शेतकरी काय करणार? ज्या जातीचं वजन जास्त निघतं ती लावणार. पुखराज लावणार, शेवटपर्यंत युरिया टाकणार, भाव उसळला की सत्तर दिवसांत कच्चा माल उपटणार. त्याचं चुकत नाही. बाजार ज्याचे पैसे देतो तेच तो पिकवतो. पुखराजचं उत्पादन भरघोस, पण ड्राय मॅटर कमी, हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यानं ज्योती किंवा चिप्सोना पूर्ण पिकू दिली आणि शेवटचं पाणी तोडून पाला कापला, त्याच्या गोणीत जास्त माल आहे आणि भाव तोच, नाहीतर साल जरा मळकट म्हणून रुपया कमीच.

दूध आपण असं विकतो का? डेअरीवर बरणी बघून भाव देत नाहीत. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ, मशीनला लावा, पावती घ्या. त्यातही मापात पाप चालतं, पण निदान भांडायला आकडा तरी असतो. उसाची एफआरपी उताऱ्यावर, १०.२५ टक्के हा आधार धरून. द्राक्षाची गोडी मोजायचं यंत्र व्यापाऱ्याच्या खिशात असतं. मग बटाटा एकटाच नजरेवर का?

मोजायचं अवघड आहे असं कुणी म्हणेल म्हणून सांगतो, हे घरी करता येतं. आठ लिटर पाण्यात एक किलो मीठ पूर्ण विरघळवा. या पाण्याची घनता साधारण १.०८ होते. बटाटे स्वच्छ धुऊन, पुसून त्यात सोडा. जो बुडेल तो जवळपास २० टक्के ड्राय मॅटरचा किंवा वरचा, तरंगेल तो खालचा. वीस बटाटे टाका, किती बुडाले मोजा. आतून पोकळ असलेला नगही तरंगतो, तेव्हा तरंगलेले दोन-तीन कापून बघा. नेमका आकडा हवा असेल तर वजनाची पद्धत आहे. पाच किलो बटाटा हवेत मोजा, मग जाळीच्या टोपलीत घालून साध्या पाण्यात पूर्ण बुडवून लटकत्या काट्यानं मोजा, टोपलीचं पाण्यातलं वजन वजा करा. पाण्यात ३७० ग्रॅमच्या आसपास भरला तर घनता १.०८, म्हणजे माल २० टक्क्यांचा. जेवढं जास्त भरेल तेवढा चांगला. युरोपातले कारखाने बटाट्याचा भाव याच वजनाशी जोडतात.

तर माझी मागणी साधी आहे. चाकण आणि मंचरच्या बाजारात एक काटा, एक टाकी, एक टोपली ठेवा. ज्याला वाटेल त्यानं लिलावाआधी आपल्या वक्कलाचा नमुना मोजून घ्यावा आणि आकडा चिठ्ठीवर लिहून गोणीवर लावावा. सक्ती नको. खर्च म्हणाल तर समितीच्या एखाद्या सत्काराच्या हारतुऱ्यांपेक्षा कमीच होईल.

यावर अडतदार मित्रांचं म्हणणं ऐकलंय. ‘घरी भाजीला नेणारा डोळ्यानं घेतो, त्याला तुमच्या आकड्याशी काय करायचंय?’ बरोबर आहे, त्याला नाही. पण शनिवारी चाकणच्या बाजारातून किती गोण्या गाड्यांवर, खानावळींत आणि कंपन्यांच्या कॅन्टीनला जातात ते जरा हमालांना विचारा. एकेका कॅन्टीनमध्ये तीन पाळ्यांचं जेवण शिजतं. तो ठेकेदार घरगुती गिऱ्हाईक नाही, त्याला तेलाचा हिशोब कळतो. दुसरा आक्षेप, आग्रा-इंदूरचा माल येतोच की, तो स्वस्त पडतो. येतो. पण सप्टेंबर-ऑक्टोबरला तिकडून येणारा माल शीतगृहातला असतो. २ ते ४ अंशांवर महिनोन् महिने ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते, म्हणून तो गोड लागतो आणि तळला की काळपट लाल पडतो. त्याच महिन्यांत आपला पठाराचा बटाटा ताजा निघतो. चिप्सवाले आपल्या दारात उगाच येत नाहीत. पेप्सिकोचा कारखाना रांजणगावला आहे आणि सातगाव पठारावर करारानं बटाटा होतो, तो याच दोन महिन्यांच्या फायद्यामुळं. हा फायदा गाडीवाल्यालाही विकता येईल, पण तसं दाखवायला आकडा लागेल.

करार करणाऱ्यांसाठी तर हे जास्तच महत्त्वाचं. आमच्या भावकीतल्या एकाचा भरलेला ट्रक एका कारखान्याच्या दारातून परत आला. कारण दिलं, ड्राय मॅटर बसत नाही. काढणीच्या आधी आठ दिवस पाऊस होता, त्यामुळं खरंही असेल. पण जाण्या-येण्याचं भाडं त्याच्या अंगावर, आणि परत आलेला माल दोन दिवसांनी बाजारात मिळेल त्या भावाला गेला. त्याच्याकडं स्वतःचा एकही आकडा नव्हता. कंपनीचा माणूस म्हणाला १८, याला मान डोलावण्याशिवाय काय करता येणार? शेतातच मोजलं असतं तर ट्रक भरलाच नसता, आरण लावून चार दिवस थांबला असता. करारावर सही करताना भावाच्या आकड्याइतकंच हेही वाचा : तपासणी कुठं होणार, शेतात की कारखान्यात, नमुना कोण काढणार, नापास मालाचं भाडं कोण भरणार. हे कागदावर नसेल तर लिहून घ्या. एकटा म्हणेल तर कुणी ऐकणार नाही, पंधरा-वीस जणांचा गट किंवा शेतकरी कंपनी असेल तर ऐकतात.

बेण्याचंही बघा. एकरी सात-आठ क्विंटल बेणं लागतं, खर्चाचा मोठा वाटा तोच, म्हणून कंपनी बेणं देते तेव्हा बरं वाटतं. पण २०१९ ला गुजरातेत काय झालं ते आठवा. एफसी-५ नावाची चिप्सची जात करार नसताना लावली म्हणून पेप्सिकोनं शेतकऱ्यांवर दावे ठोकले, काहींवर तर एक कोटीहून जास्त रकमेचे. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात कंपनीनं दावे मागं घेतले. आपल्याकडं २००१ चा वाणसंरक्षण कायदा आहे. ब्रँड लावून बियाणं म्हणून विकत नसाल तर पिकवलेला माल ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा हक्क त्यात शेतकऱ्याला दिलाय. तरी कोर्टाची पायरी कशाला चढायची? सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं १९९८ ला चिप्सोना-१ आणि चिप्सोना-२ दिल्या, नंतर चिप्सोना-३ आणि फ्राईजसाठी फ्रायसोना. त्या सरकारी जाती आहेत, कुणाच्या बापाची मालकी नाही. आमची अडचण एवढीच की त्यांचं खात्रीचं बेणं मंचरच्या बेण्याच्या बाजारात वेळेवर आणि खऱ्या नावानं मिळत नाही. पोत्यावर चिप्सोना आणि आत भलतंच, असं किती जणांच्या वाट्याला आलंय ते कमेंटमध्ये लिहा. दुकानाचं नाव नको, तालुका लिहा. कृषी विभागानं शेतकरी कंपन्यांना गोदामं आणि ग्रेडिंग लाईनी दिल्या, चांगलं झालं, आता बेण्याकडं बघावं.

शेतावर काय करायचं तेवढं थोडक्यात सांगतो, बाकीचं वेगळ्या पोस्टमध्ये. नत्र लागण आणि भरणीच्या वेळीच संपवा, मागून युरिया नको. पालाश देताना शक्य असेल तर म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा, क्लोराइडनं ड्राय मॅटर घटतं. महाग आहे, मान्य, म्हणून आधी दोन गुंठ्यांवर करून फरक मोजा. पाला पिवळा पडू द्या. मग कापा आणि दहा-पंधरा दिवस माल जमिनीतच राहू द्या, साल घट्ट होते. या दिवसांत पाऊस आला तर आपला इलाज नाही, पण सरीतून पाणी निघून जाईल एवढी वाट तरी मोकळी ठेवा.

तो वडापाववाला मला म्हणालाय, रोज सारखा बटाटा द्या, किलोला दोन रुपये जास्त देतो. एकट्या माझ्या रानातून ते होणार नाही. त्याला वर्षभर माल लागतो, माझा निघतो दोन महिने. पण खरिपात पठाराचा आणि रब्बीत खेड-जुन्नरच्या बागायतीचा असा सात-आठ जणांनी मिळून लावला तर अशा चार-पाच गाड्या आणि एखादं कॅन्टीन तरी धरता येईल. आता काढणी तोंडावर आलीय. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या रानातला पाच किलो नमुना पिशवीत भरून शनिवारी चाकणच्या बाजारात सकाळी नऊला बटाट्याच्या शेडजवळ आणावा. पिशवीवर जात, लागणीची तारीख, खतं आणि शेवटचं पाणी कधी दिलं ते लिहा. काटा, टोपली, मीठ आणि बादल्या मी आणतो. सगळ्यांचे आकडे रविवारी याच पेजवर टाकू, नावाशिवाय, फक्त गाव आणि जात.